कावळ्याने ठरवलेली सहल

आमच्या दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीचं बुकिंग एका कावळ्याने केलं. चारचौघांच्या सहली ट्रॅव्हल कंपन्या ठरवतात, नाहीतर एखाद्या हौशी मेहुणीच्या मैत्रिणीची जाऊ ठरवते. आमची ठरली धुळ्याला, पांझरेच्या काठी, माझ्या धाकट्या भावाच्या दहाव्याला, सगळ्या नातेवाइकांच्या साक्षीने.

किरण डेंग्यूने गेला. पुण्यात नोकरीला होता, लग्नाचं बघत होतो. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही, म्हणून कावळ्याकडे वळते.

पिंड ठेवला होता. बापाने मुलाचा ठेवलेला. समोरच्या बाभळीवर कावळा होता, पण त्याने आमच्याकडे पाठ केली होती. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन किरणला शब्द द्यायला सुरुवात केली. मामा म्हणाले, तुझ्या आईला एकटं पाडणार नाही. कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, तुझी मोटारसायकल मी नीट वापरीन. कावळ्याने पंख खाजवला. धाकटे काका म्हणाले, बांधावरून तुझ्या बापाशी भांडणार नाही. यावर कावळ्याचा विश्वास बसला नाही. आमचाही बसला नव्हता. मी म्हणाले, मी आई-आबांकडे बघेन. तरीही नाही.

आबा हात जोडून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. हे बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण आई झाल्यापासून मला सगळ्यांच्या ओठांकडे बघायची सवय लागली आहे.

गुरुजींचा पुढे दुसरा कार्यक्रम होता. ते पिशवीतून दर्भ काढून त्याचाच कावळा वळायला लागले. तो पाहिला आणि आईने असा हंबरडा फोडला, की आमच्या भूपेंद्रचा धीर सुटला. भूपेंद्र म्हणजे माझा नवरा. जळगावात पतपेढीत कामाला आहे. अत्यंत सज्जन. ताक प्यायलं तरी त्याला शिंका येतात. तो एकदम पुढे झाला आणि हात जोडून ओरडला, "किरण, तू मला सारखा बोलवायचास ना, भावजी या, माझ्या बिअरच्या तिन्ही जागा दाखवतो! मी जाईन! तिन्ही ठिकाणी जाईन! एकेक ग्लास पिईन!"

कावळा आला. आला म्हणजे कसा, विमानासारखा आला.

सगळे रडले. मीही रडले. आणि रडता रडता पाहिलं, तर आबांचा चेहरा पिंडाच्या पिठासारखा पांढरा पडला होता.

इथे सांगायला हवं, की आमचे आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, गावच्या भजनी मंडळाचे आधार. मागच्या वर्षीच्या दिवाळीत किरणने घरी सांगितलं, की तो सुट्टीच्या दिवशी पुण्यात एका ठिकाणी बिअर बनवायला शिकतोय, आणि जमलं तर नोकरी सोडून तेच करणार आहे. आबा ताटावरून उठले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. फोन आला की आईकडे द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे. आई बोलत असताना खालच्या आवाजात एकच वाक्य तिच्याकरवी विचारायचे. आमच्या शेतात दादर होते, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती आबा स्वतः निवडायचे, पोत्यात भरायचे, तोंड सुतळीने शिवायचे आणि पुण्याच्या गाडीत टाकून यायचे. मग म्हणायचे, "त्याले इचार, दादर पोचनी का." आई विचारायची. तो म्हणायचा, पोचली, आणखी पाठवा. आबांना वाटे, पोरगा दारूच्या नादी लागला तरी भाकरी सोडली नाही. पुढचं पोतं आणखी मोठं निघायचं.

हेच सुरू असताना तो गेला. आणि कावळा आला तो बिअरच्या नावावर.

आता शब्द दिला म्हणजे दिला. मी भूपेंद्रला म्हटलं, जाऊ आपण कधीतरी. पण धुळ्याला गच्चीच्या कठड्यावर रोज कावळे बसतात, आणि प्रत्येक कावळा बसला की, जावई कधी जाणार म्हणून, आईचा फोन यायचा. "जवाईबुवा कवय जातीन? मना पोऱ्या वाट दखी ऱ्हायना." ती जेवेना. झोपेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिने त्या तुळशीत पुरल्या. शेवटी मीच ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाकू. आमची दिवाळी तशीही यंदा नव्हती.

गल्लीत मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण आमची मनू पाच वर्षांची आहे. तिने सोसायटीच्या फाटकाशी जाहीर केलं, "आम्ही मामाची बिअर प्यायला पुण्याला जाणार!" संध्याकाळपर्यंत शेजारचे तोताराम नाना, निवृत्त तलाठी, चपला घालून हजर. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"भूपेंद्र, परवाना आहे का?"

"कसला?"

"पिण्याचा! आपल्या राज्यात परवान्याशिवाय पिणं म्हणजे गुन्हा. सगळे पितात, ते सोड. तू पतपेढीचा माणूस. उद्या कोणी धरलं तर पेपरात नाव. ज्योती, तुलाही शोभत नाही, नवऱ्याला असं पाठवतेस?"

मी म्हटलं, "नाना, मी पाठवत नाहीये. कावळा पाठवतोय."

समोरच्या झुंबरबाई अक्कांनी वेगळी बाजू घेतली. त्यांचा दीर खूप प्यायचा, म्हणून त्या अधिकाराने बोलतात. "परवाना-बिरवाना राहू दे. पिण्याआधी केळी खायला लाव. जळगावचं केळं पोटात गेलं की आतून शेणाने सारवल्यासारखं होतं, काही लागत नाही." वर हळूच म्हणाल्या, "आणि पोरीला नेऊ नकोस गं. बघून शिकतात."

मनूला ठेवणार कोणाकडे? किरण गेल्यापासून ती माझ्या नजरेआड झाली की माझा श्वास अडकतो. ती झोपली तरी मी कपाळ चाचपते. तिच्या दप्तरात पाटीपेक्षा डास पळवायचं मलम जास्त असतं.

भूपेंद्र परवान्यासाठी रजा टाकून उत्पादन शुल्काच्या ऑफिसात गेला. तिथल्या बाबूला वाटलं, हा कुठल्यातरी चॅनेलचा माणूस, छुपा कॅमेरा घेऊन आलाय. त्याने आधी खिसे बघितले, मग विचारलं, "साहेब, हे कशाला? कोणी घेत नाही. बारमध्ये जा, प्या, घरी जा." भूपेंद्रने खरं ते सांगितलं. मेहुण्याचा दहावा, कावळा, शब्द. बाबूने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमच्या वडिलांच्या वेळी आला नव्हता. दर्भाचाच केला." आणि स्वतः चहा सांगितला. परवाना हातात पडला, त्यावर छापलं होतं, की हा धारकाच्या आरोग्याच्या रक्षणासाठी आहे. भूपेंद्रने तो लॅमिनेट करून घेतला.

दिवस आईने काढला. गेलेल्या जिवाचं काम आहे, म्हणून चांगला दिवस हवा. तिने कॅलेंडर बघून कार्तिकी एकादशी धरली. याहून चांगला दिवस कुठला! आम्ही शिकली-सवरलेली माणसं, आम्हीही मान हलवली. काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

भल्या सकाळी जळगावहून निघून धुळ्याला आईला घ्यायला गेलो, तर आबा धोतर-टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं. म्हणायची हिंमत नव्हती. ते उठले आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"माले आळंदीले उतारी द्या," ते काचेकडे बघत म्हणाले.

आई मागे माझ्या कानात म्हणाली, "आळंदीले एकटा जातस कधी?"

चांदवडच्या घाटात मनूला उलटी झाली. नाशिकच्या पुढे भूपेंद्रने अक्कांच्या सल्ल्याप्रमाणे पहिलं केळं खाल्लं. संगमनेरला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा धास्तीने आणखी खाल्ली. पुणे जवळ आलं तेव्हा घडाचा दांडा उरला होता. आळंदीचा फाटा आला, मी म्हटलं, "आबा, उतरायचं ना?" ते म्हणाले, "आज गर्दी राही. येताना दखू."

पहिली जागा मोठ्या रस्त्यावर होती. काचेच्या भिंतीआड तांब्याच्या रंगाचे प्रचंड पिंप दिसत होते. दार मात्र बंद. बाहेर वॉचमन स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता. आई काठी टेकत पुढे झाली.

"काय रे दादा, बठ्ठा बंद शे?"

"आजी, आज एकादशी. आज दारू बंद. सगळीकडेच."

भूपेंद्रच्या हातात परवाना होता. त्याने तो हळूच खिशात घातला. मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा माणूस फार वाईट दिसतो. एवढा प्रवास, एवढी केळी, आणि पंचांग बघून नेमका असा दिवस आम्ही निवडला, की सबंध राज्यात थेंब मिळू नये! आई मात्र उजळली. गाडीशी जाऊन काचेवर टकटक करून म्हणाली, "ऐकं का? यासनी एकादशी शे!"

आबांनी काच खाली केली. त्या पिंपांकडे बराच वेळ बघितलं.

"बियरवालाबी एकादशी पायतस?" ते म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली, आणि काच वर केली.

लॉजवर आम्ही सगळ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

द्वादशीला आबांनी उपास सोडला आणि आम्ही दुपारीच निघालो. संध्याकाळनंतर लहान मुलांना आत घेत नाहीत असं कळलं होतं. आबा म्हणाले, मी गाडीत बसतो. पहिल्या जागी भूपेंद्रने दारातच परवाना काढून दाखवला. दारावरच्या मुलीने तो उलटसुलट पाहिला. मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने आतल्या पोरांना बोलावलं. "अरे, खरा परवाना बघा!" सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. परवान्याबरोबर, भूपेंद्रबरोबर नाही.

ग्लास आला. वर पांढरा फेस. आईने पर्समधून किरणचा फोटो काढून मिठाच्या डबीला टेकवला, ग्लासाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. शेजारच्या टेबलावरची हसरी पोरं एकदम गप्प झाली. त्यातल्या एकाने टोपी काढली. मी टेबलाखाली मनूच्या पायाला मलम लावत होते, कारण कुंडीखालच्या थाळीत पाणी साचलेलं मला दिसलं होतं. वेटरला म्हटलं, ते आधी ओता. त्याने मुकाट्याने ओतलं.

भूपेंद्रने डोळे मिटून ग्लास संपवला. शिंक आली. मग दुसरी. मग डोळे पुसत म्हणाला, "किरण, कडू आहे रे. फारच कडू आहे." आणि रुमालात तोंड घालून रडला. केळ्यांनी काहीही सारवलं नव्हतं.

दुसरी जागा शोधायला आम्ही त्याच गल्लीत फिरफिर फिरलो. शेवटी सापडली तेव्हा शटर खाली आणि वर पाटी: भाड्याने देणे आहे. आता नसलेल्या जागी दिलेला शब्द कसा पाळायचा? मी गुरुजींना फोन लावला. ते दुसरीकडे पिंडावर होते. म्हणाले, "ताई, मला याचा अनुभव नाही." आईने तोडगा काढला. समोरच्या टपरीवरून सोडा आणायला लावला, भूपेंद्रला त्या पायरीवर बसवलं, आणि शटरला हळद-कुंकू वाहिलं. जाणारे-येणारे बघत होते. माझ्या कॉलेजच्या काळातली एक मैत्रीण पुण्यात असते. तेवढ्यात ती तिथून जाऊ नये, अशी मी सगळ्या देवांची नावं घेतली. ती गेली नाही. तेवढं एक त्या दिवशी चांगलं झालं.

मी गाडीकडे वळून पाहिलं. आबा काचेतून जावयाकडे बघत होते. पायरीवर बसून सोडा पिणारा, डोळे सुजलेला जावई. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "बठ्ठा जण बोलनात त्या दिवशी. मी बोलनू नही."

"आबा..."

"काय बोलतू? वरीसभर बोलनू नही. मंग एकदम पिंडले काय बोलतू?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणून तो ऊना नही. मनी वाट दखत व्हता. मंग कंटायना, आन् बाटलीना नावले ऊना."

मी त्यांची टोपी उचलून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिले. दोघांचं ओझं वेगवेगळं होतं, हे मला तेव्हा कळलं. आईला किरण सुटायला हवा होता. आबांना वाटत होतं, आपण बोललो नाही म्हणून किरण आपल्यासाठी आलाच नाही.

तिसरी जागा शहराबाहेर, एका जुन्या गोदामात. तिथेच किरण शिकायचा. इथेही आबा गाडीतच बसणार होते, पण माणूस माळकरी असला तरी म्हातारा असतो, आणि दुपारपासून त्यांना लघवीला जायला मिळालं नव्हतं. मी त्यांना हात धरून आत नेलं. ते खाली मान घालून, नाकाला उपरणं लावून चालले होते. परत येताना एका उघड्या दारापाशी थांबले. उपरणं खाली आलं.

वास येत होता. मलाही आला. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालतात, आंबते तेव्हा घरभर जो आंबूस, गोडसर वास सुटतो ना, तसाच. किरण लहानपणी त्या पातेल्यात बोट बुडवायचा आणि आईचा मार खायचा.

आत पोती होती. आणि सगळ्यात वर, घडी घालून ठेवलेलं एक रिकामं पोतं. तोंडाला जाड सुतळी, दोन टाके सरळ, एक आडवा. असे टाके अख्ख्या तालुक्यात एकच माणूस घालतो.

"हाई पोतं आपलं शे," आबा म्हणाले.

एक मुलगी हात पुसत बाहेर आली. केस वर बांधलेले, पायात गमबूट. तिने आबांच्या टोपीकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. "तुम्ही आबा?" तिचं नाव प्रज्ञा. मूळची मुक्ताईनगरची. किरणला काम शिकवायची तीच.

आता कळणार होतं. वर्षभर निवडून, शिवून, गाडीत टाकून पाठवलेली दादर कुठे गेली ते.

प्रज्ञाने लपवलं नाही. "तो तुमच्या दादरीची बिअर करायचा. इथे सगळे बाहेरून आणलेला सातू वापरतात. तो म्हणायचा, आमच्या शेतातली घालून बघू. पाटीवर 'दादर' लिहिलं, तर लोकांना वाटायचं मुंबईचं!" ती हसायला गेली आणि थांबली. "आबा, तुम्हाला राग येईल."

आई माझा दंड घट्ट धरून होती.

"भाकरी..." आबांनी विचारलं. "भाकरी नही खाये?"

"खायचा ना. पोतं आलं की आधी भाकरीची काढून ठेवायचा. थापता यायची नाही, तुटायची, तशीच खायचा. आम्ही धान्य चाळायला घेतलं की ओरडायचा, चाळू नका, आबांनी निवडलेली आहे, एक खडा सापडला तर मला सांगा." तिने डोळे बाहीला पुसले. "खडा कधी निघाला नाही."

मनूने आबांचं बोट धरलं. मग आबांनी घसा साफ केला.

"चांगली निंघनी का?"

"किरण म्हणायचा, अजून जराशी आंबट आहे. आणखी एक हंगाम लागेल."

"दाना भरताना पाणी कमी पडी गये गेल्या साली," आबा म्हणाले. "म्हणून आंबट."

शेवटच्या पोत्याची, किरणच्या मागे प्रज्ञाने बनवलेली बिअर भूपेंद्रने प्यायली. पूर्ण ग्लास. शिंक आली नाही. तो म्हणाला, "ही बरी आहे." खरंच बरी होती की त्याची जीभ बधिर झाली होती, हे मला माहीत नाही. पण आईने फोटो पर्समध्ये ठेवला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, मला भूक लागलीय.

आम्ही जेवायचं मागवेपर्यंत आबा उठून गेले. मी, सवयीने, मागोमाग दारापर्यंत गेले. गोदामाच्या बाहेर कठडा होता. आबांनी त्या रिकाम्या पोत्याच्या कोपऱ्यात अडकलेले दाणे झाडून मुठीत घेतले होते. ते त्यांनी कठड्यावर ठेवले. पिंडासारखे, नीट, गोल. दोन पावलं मागे सरले. हात जोडले नाहीत. फक्त बघत राहिले.

ओठ हलले. आणि मग आवाज आला, जरा मोठा, फोनवर लांबच्या माणसाशी बोलतात तसा.

"दादर पोचनी का रे?"

कावळा आला नाही. पुण्यात कबुतरंच फार. एक आलं, दोन आली, दाणे टिपायला लागली. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "कबुतर चालस का?"

आबांनी पाठ न वळवता हात वर केला.

"गप ऱ्हाय," ते म्हणाले. "खाऊ दे त्याले."